व्हिडिओसाठी बिटरेट किती ठेवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मला वरचेवर येणाऱ्या प्रश्नांतून जमत गेलं. विचारणारा काल शिकायला लागलेला असो की वीस वर्षं कॅमेरा चालवणारा, बहुतेकांना हवा असतो एक आकडा. आकडे खाली आहेतच. पण आकडा कधी विचारायचा आणि कधी विचारायचाच नाही हे एकदा कळलं, की पुढचे बरेचसे प्रश्न पडतच नाहीत. घाईत असाल तर प्रश्न ४, ५ आणि ६ तेवढे वाचा. एकीकडे सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा उगाळलेलं नाही, तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. बिटरेट म्हणजे नेमकं काय?

व्हिडिओच्या एका सेकंदासाठी फाइलमध्ये जितके बिट खर्च होतात, तो बिटरेट. हिशोब केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) किंवा एमबीपीएसमध्ये (सेकंदाला दहा लाख बिट) करतात.

ही काटकसर केवढी असते ते पाहा. १९२० × १०८० ची एक फ्रेम काहीही न दाबता नेहमीच्या ८ बिट ४:२:० पद्धतीने (म्हणजे रंगाची माहिती कमी करून, प्रश्न २२) ठेवली, तर तिला सुमारे २.४९ कोटी बिट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर झाले ६२२ एमबीपीएस. तोच व्हिडिओ आपण ८ एमबीपीएसमध्ये बसवतो आणि पाहणाऱ्याला फारसा फरकही जाणवत नाही. हे जमतं, कारण कोडेक (व्हिडिओ दाबायची आणि उलगडायची पद्धत) अधूनमधूनच एखादी फ्रेम पूर्ण साठवतो (तिला की-फ्रेम म्हणतात). बाकीच्या फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत काय हललं आणि काय बदललं, एवढंच लिहितो. हे लिहायला एन्कोडरला (दाबण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमला) दिलेली जागा म्हणजे बिटरेट. जागा अपुरी पडली की तो आधी बारीक तपशील गाळतो. फारच अपुरी पडली की चित्राचे चौकोनी ठोकळे होतात.

२. फाइल केवढी होईल हे आधी काढता येतं का?

येतं, आणि तोंडी काढता येतं. बिटरेटला सेकंदांनी गुणा आणि ८ ने भागा. एवढं पाठ करण्यापेक्षा एक आकडा लक्षात ठेवा: ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी, तासाला ३.६ जीबी. ४ एमबीपीएस असेल तर याच्या निम्मं, १६ असेल तर दुप्पट. आवाजाचा बिटरेट यात वेगळा मिळवायचा.

३. एमबीपीएस आणि एमबी प्रति सेकंद एकच ना?

नाही. पहिल्यात बिट आहेत, दुसऱ्यात बाइट. फरक आठ पटींचा आहे. एन्कोडिंगचे प्रोग्रॅम आणि इंटरनेटचा वेग बिटमध्ये बोलतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. शिवाय काही प्रोग्रॅम आकडा केबीपीएसमध्ये मागतात, तिथे ८ नव्हे, ८००० लिहायचं. "व्हिडिओ अगदीच चिखल झालाय" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हाच रकाना तपासायला सांगतो.

४. ते सगळं ठीक, पण १०८०पी (१९२० × १०८०) साठी चांगला बिटरेट किती? एकच आकडा सांगा.

असा आकडा नसतो. टाळाटाळ करत नाही, खरंच नसतो.

खुर्चीत बसून बोलणारा माणूस, मागे कोरी भिंत, कॅमेरा तिवईवर: इथे फ्रेमागणिक ओठ, डोळे आणि हात एवढंच हलतं. एच.२६४ या कोडेकमध्ये १.५ ते २ एमबीपीएस त्याला पुरतात. आता धबधबा घ्या, किंवा वाऱ्याने सळसळणारं झाड, किंवा हवेत उधळलेले कागदाचे तुकडे. इथे आधीच्या फ्रेममधलं जवळजवळ काहीच पुढच्या फ्रेममध्ये जसंच्या तसं सापडत नाही. तिथे १२ एमबीपीएसही अपुरे वाटू शकतात. दोन्ही व्हिडिओ १०८०पी, दोन्ही २५ फ्रेमचे.

नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवेलाही हे उशिरानेच अंगवळणी पडलं. आधी त्यांच्याकडे सगळ्या चित्रपट-मालिकांसाठी एकच ठरलेली शिडी (कुठल्या रिझोल्यूशनला किती बिटरेट याची यादी) होती: २३५ केबीपीएसपासून सुरू होऊन १०८०पी साठी ५८०० केबीपीएसपर्यंत. साध्या सपाट रंगांच्या कार्टूनला ती उधळपट्टी होत होती आणि दाणेदार, धावपळीच्या दृश्यांना तोकडी पडत होती. २०१५च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं, की यापुढे प्रत्येक कलाकृतीची शिडी वेगळी ठरेल.

मग "आकडा सांगा" ही सवय आली कुठून? डिस्कच्या जमान्यातून. व्हीसीडीचा व्हिडिओ ११५० केबीपीएसवर बांधलेलाच होता. डीव्हीडीत व्हिडिओची कमाल मर्यादा ९.८ एमबीपीएस होती आणि चित्रपट ठरलेल्या डिस्कवर मावलाच पाहिजे, ही अट होती. तेव्हा आकडा विचारणं बरोबर होतं. आता तुमच्यापुढे तशी अट नसेल तर प्रश्नच बदला.

५. आकडा न ठरवता एन्कोड करायचं तरी कसं?

बिटरेटऐवजी दर्जा ठरवायचा आणि बिटरेट एन्कोडरवर सोडायचा. या पद्धतीला सीआरएफ म्हणतात. हँडब्रेक या एन्कोडिंगच्या प्रोग्रॅममध्ये हेच आरएफ नावाने दिसतं. एक्स२६४ (एच.२६४ चा एन्कोडर) मध्ये पट्टी ० ते ५१ अशी आहे: आकडा लहान तितका दर्जा वरचा आणि फाइल मोठी. न सांगितल्यास एक्स२६४ स्वतः २३ धरतो, एक्स२६५ (एच.२६५ चा एन्कोडर) धरतो २८. हँडब्रेकची शिफारस १०८०पी साठी २० ते २४, ४के (३८४० × २१६०) साठी २२ ते २८.

जपून ठेवायच्या गोष्टींना मी १८ वापरतो, नुसत्या पाहून सोडायच्या व्हिडिओंना २२. तुमचा आकडा असा शोधा: व्हिडिओतलं सगळ्यात अवघड एक मिनिट कापून घ्या (धावपळ, अंधार, धूर असलेलं). ते २० वर, मग २३ वर, मग २६ वर एन्कोड करा आणि ज्या पडद्यावर शेवटी पाहिलं जाणार त्यावरच पाहा. फरक जिथे पहिल्यांदा खटकला त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. मोबाइलवर बघून टीव्हीसाठीचा निर्णय घेऊ नका.

सीआरएफ साधारण ६ ने वाढवला की फाइल निम्म्यावर येते, ६ ने कमी केला की दुप्पट होते. एका कोडेकचा आकडा दुसऱ्याला मात्र लावू नका. एक्स२६४ चा २३ आणि एक्स२६५ चा २३ यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि एव्ही१ या नव्या कोडेकच्या एन्कोडरची तर पट्टीच ० ते ६३ अशी वेगळी आहे.

६. सीआरएफ इतका सोयीचा असेल तर बिटरेट ठरवायचा तरी कधी?

तीन वेळा. एक, फाइल ठरावीक आकारात मावलीच पाहिजे तेव्हा. दोन, व्हिडिओ ठरावीक रुंदीच्या नळीतून जायचा असेल तेव्हा, म्हणजे थेट प्रक्षेपण किंवा स्ट्रीमिंग. तीन, घेणाऱ्याने आकडा लेखी दिला असेल तेव्हा. तिसऱ्या बाबतीत वाद घालू नका, दिलेला आकडा पाळा.

पहिल्या बाबतीत अंथरूण पाहून पाय पसरायचे. समजा ९० मिनिटांचा व्हिडिओ ४००० एमबीत बसवायचा आहे. ४००० ला ८ ने गुणून ५४०० सेकंदांनी भागलं की येतात ५.९३ एमबीपीएस. त्यातून आवाजाचे ०.१६ वजा करा, कंटेनरच्या (एमपी४, एमकेव्ही अशा फाइलच्या वेष्टनाच्या) बारीकसारीक खर्चासाठी थोडं हातचं राखा आणि व्हिडिओला ५.६ द्या. हे टू-पासने करा (पुढचा प्रश्न). उत्तर १.५ एमबीपीएसच्याही खाली आलं तर प्रश्न १३ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

७. सीबीआर, व्हीबीआर, टू-पास… यातलं काय निवडू?

सीबीआर म्हणजे प्रत्येक सेकंदाला जवळपास तेवढेच बिट, मग पडद्यावर काळोख असो की दंगल. व्हीबीआरमध्ये सरासरी ठरते, पण सोप्या दृश्यातून वाचलेले बिट अवघड दृश्याला मिळतात. टू-पास हे व्हीबीआरचंच शहाणं रूप: पहिल्या फेरीत एन्कोडर पूर्ण व्हिडिओ नुसता तपासतो, दुसऱ्या फेरीत अवघड-सोप्याचा नकाशा हाती घेऊन बिट वाटतो.

आकाराची अट असेल तर टू-पास, थेट प्रक्षेपणाला सीबीआर, बाकी सगळ्याला सीआरएफ. एका फेरीतला सरासरी बिटरेट मी कशालाच वापरत नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे तो कधी सुरुवातीलाच सढळ हाताने खर्च करतो, तर कधी उगाच हात आखडतो.

८. टू-पासने सीआरएफपेक्षा चांगला दर्जा मिळतो, हे खरं का?

नाही. दोन्हींच्या फाइली सारख्याच आकाराच्या निघाल्या, तर दर्जाही जवळजवळ सारखाच असतो. टू-पास तुम्हाला आकाराची हमी देतो, सीआरएफ दर्जाची. दुप्पट वेळ घेतं म्हणून ते भारी, हा निव्वळ समज आहे.

९. "मॅक्सरेट" आणि "बफर" या रकान्यांत काय भरू?

मॅक्सरेट म्हणजे बिटरेटची वरची मर्यादा, बफर म्हणजे ती किती सेकंदांच्या हिशोबात पाळायची ते. फाइल फक्त स्वतःच्या संगणकावर पाहायची असेल तर दोन्ही रिकामे सोडा. नेटवरून पाहिली जाणार असेल तर भरा, कारण सरासरी ५ एमबीपीएसचा व्हिडिओ एखाद्या स्फोटाच्या दृश्यात २५ वर उसळी घेतो आणि पाहणाऱ्याचं चक्र फिरत राहतं. मॅक्सरेट सरासरीच्या दीड ते दोन पट आणि बफर एक-दोन सेकंदांचा (मॅक्सरेट ८००० असेल तर बफर ८००० ते १६०००) हे बहुतेक ठिकाणी चालतं. ॲपलच्या एचएलएस या स्ट्रीमिंग पद्धतीच्या मार्गदर्शक नियमांतही साठवलेल्या व्हिडिओचा सर्वोच्च बिटरेट सरासरीच्या दुपटीच्या आत ठेवायला सांगितलं आहे.

सीआरएफसोबतही मॅक्सरेट देता येतो, हे फार जणांना माहीत नसतं. दर्जा सीआरएफ सांभाळतो, उसळीला मॅक्सरेट आवरतो. ही जोडी माझ्या विशेष आवडीची आहे.

१०. यूट्यूबवर टाकायला किती ठेवू?

यूट्यूबने स्वतःच आकडे दिले आहेत. साध्या (एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला, नसलेल्या) व्हिडिओसाठी ते असे:

७२०पी: २४–३० फ्रेमला ५ एमबीपीएस, ४८–६० फ्रेमला ७.५
१०८०पी: ८ आणि १२
१४४०पी: १६ आणि २४
४के: ३५–४५ आणि ५३–६८

पण हे नीट समजून घ्या: तुम्ही काहीही पाठवलं तरी यूट्यूब ते पुन्हा एन्कोड करणारच. तुमची फाइल म्हणजे त्यांचा कच्चा माल. म्हणून वरच्या आकड्यांना मी किमान समजतो. इंटरनेट बरं असेल तर १०८०पी ची फाइल १५–२० एमबीपीएसची, किंवा सरळ सीआरएफ १६–१८ ने पाठवा. त्यापलीकडे गेलात तर फक्त अपलोडचा वेळ वाढेल.

निरोपाच्या ॲपवरून पाठवताना उलटा प्रकार होतो. ती ॲप व्हिडिओ निर्दयपणे दाबतात. व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फाइल जशीच्या तशी पोचते.

११. रिझोल्यूशन वाढवलं की बिटरेट त्याच पटीत वाढवायचा का?

तितका नको. ७२०पी वरून १०८०पी वर गेलं की पिक्सेल २.२५ पट होतात, पण शेजारशेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे असण्याचं प्रमाणही वाढतं आणि कोडेक त्याचा फायदा घेतो. जुना ठोकताळा असा: पिक्सेल जितक्या पटींनी वाढले त्याचा ०.७५ घात घ्या. २.२५ चे होतात १.८४, म्हणजे पावणेदोनपेक्षा थोडं जास्त. १०८०पी वरून ४के ला पिक्सेल चौपट होतात, बिटरेट मात्र २.८ पट पुरतो. १०८०पी ला ५ एमबीपीएस समाधानकारक वाटत असतील तर तसल्याच ४के ला १४ पासून चाचणी सुरू करा.

१२. ६० फ्रेमच्या व्हिडिओला दुप्पट लागतो का?

दीडपट धरा. फ्रेम दुप्पट झाल्या तरी दोन फ्रेममधलं अंतर निम्मं झालेलं असतं, त्यामुळे लिहायचा फरकही कमी असतो. वरच्या यूट्यूबच्या आकड्यांतही (प्रश्न १०) ८ चे १२ च झालेत, १६ नाही.

१३. बिटरेट तोकडा आहे. १०८०पी ठेवून तडजोड करू की ७२०पी वर येऊ?

खाली या. लोकांना हे पटत नाही, "एचडी" सोडवत नाही. पण बिट अपुरे असताना १०८०पी म्हणजे ठोकळ्यांनी भरलेलं मोठं चित्र आणि ७२०पी म्हणजे किंचित धूसर पण स्वच्छ चित्र. धूसरपणाकडे डोळा दुर्लक्ष करतो, थरथरणाऱ्या ठोकळ्यांकडे करत नाही. प्रश्न ४ मधल्या त्या जुन्या शिडीत ३००० केबीपीएसपर्यंत ७२०पी च होतं, १०८०पी ची पायरी ४३०० ला सुरू व्हायची. एच.२६४ साठी हा अंदाज आजही चुकीचा नाही. चित्र अगदी शांत असेल (व्याख्यान, मुलाखत) तर १०८०पी त्याही खाली तग धरतं.

१४. एच.२६५ किंवा एव्ही१ वापरलं तर बिटरेट निम्मा करू शकतो?

निम्मा हे उद्दिष्ट होतं. एच.२६४ आलं २००३ मध्ये, एच.२६५ (एचईव्हीसी) २०१३ मध्ये, एव्ही१ २०१८ मध्ये. ४के आणि स्वच्छ चित्र असेल तर एच.२६५ निम्म्याच्या जवळ जातं. १०८०पी ला मी ३० ते ४० टक्के बचत धरतो. ४८०पी ला तर फरक इतका थोडा की जास्तीचा वेळ घालवणं परवडत नाही. एव्ही१ त्याहून पुढे जातं, मात्र एन्कोड करायला निवांतपणा हवा.

निवडण्याआधी पाहणाऱ्याकडे काय आहे ते विचारा. एच.२६४ कुठल्याही जुन्यापुराण्या यंत्रावर चालतं. बाकी दोघांची तशी खात्री देता येत नाही.

१५. प्रीसेट "स्लो" ठेवला की बिटरेट कमी लागतो का?

हो. प्रीसेट म्हणजे एन्कोडरने किती डोकं चालवायचं त्याची मुभा. जास्त शोधाशोध केली की तेवढ्याच बिटांत जास्त तपशील मावतो. एक्स२६४ मध्ये "मीडियम" हा मूळ प्रीसेट, "स्लो" हा माझा. "प्लसीबो" (नुसतं मनाचं समाधान करणारं खोटं औषध) नावाचा प्रीसेट आहे, त्याचं नावच पुरेसं बोलकं आहे.

एक गफलत टाळा. सीआरएफ तोच ठेवून "व्हेरीफास्ट" लावला तर फाइल कधी कधी "मीडियम"पेक्षा लहान निघते आणि लोक खूश होतात. दर्जाही उतरलेला असतो, हे नंतर कळतं. प्रीसेट बदललात तर सीआरएफची चाचणी (प्रश्न ५) नव्याने करा.

१६. ग्राफिक्स कार्डवर एन्कोडिंग झटक्यात होतं. तिथे तोच बिटरेट चालेल?

थोडा जास्त द्या. एनव्हीएन्क किंवा क्विक सिंक (ग्राफिक्स चिपमधले एन्कोडर) वेगासाठी घडवलेत, त्यांच्याकडे शोधाशोधीला उसंत नसते. सीपीयूवरच्या "स्लो"शी बरोबरी करायची तर मी पंचवीस टक्के वाढवून सुरुवात करतो. थेट प्रक्षेपणाला आणि घाईच्या कामाला कार्ड, कायम ठेवायच्या प्रतीला सीपीयू.

१७. जुन्या क्लिपचा बिटरेट कमी आहे. वाढवून पुन्हा एन्कोड केली तर सुधारेल?

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गाळला गेलेला तपशील फाइलमध्ये कुठेच नसतो. मीही सुरुवातीला ३२० × २४० च्या जुन्या मोबाइल क्लिपा १० एमबीपीएसवर चढवून ठेवल्या होत्या. डिस्क भरली आणि एन्कोडरने जुने ठोकळे कडेकपारीसकट प्रामाणिकपणे जतन केले. दर वेळी पुन्हा एन्कोड करताना थोडं नुकसान होतंच, फायदा कधीच नाही.

फक्त एमकेव्हीचं एमपी४ करायचं असेल, किंवा पुढचा-मागचा भाग कापायचा असेल, तर एन्कोड करूच नका. बहुतेक साधनांत व्हिडिओ जसाच्या तसा दुसऱ्या कंटेनरमध्ये हलवायची सोय असते. काम काही सेकंदांत होतं आणि एक बिटही बदलत नाही. कापताना मात्र कात्री की-फ्रेमवरच चालते, त्यामुळे अर्धा-एक सेकंद, कधी त्याहून जास्त, इकडेतिकडे होतो.

१८. मग मूळ फाइलचा जितका बिटरेट तितकाच ठेवणं सुरक्षित ना?

बरेच जण असं करतात, पण मूळचा बिटरेट तुम्हाला फारसं काही सांगत नाही. आयफोन ४के, ३० फ्रेम, एचईव्हीसीमध्ये मिनिटाला सुमारे १७० एमबी लिहितो, म्हणजे २२–२३ एमबीपीएस. तो चालताचालता, बॅटरी सांभाळत एन्कोड करतो, म्हणून सढळ खर्च करतो. घरी "स्लो"वर तेच चित्र पुष्कळ कमी बिटांत बसतं. डीव्हीडीचं उदाहरण याहून सोपं: तिथला एमपेग-२ चा ६ एमबीपीएसचा व्हिडिओ एच.२६४ मध्ये २ एमबीपीएसच्या आसपास आरामात उतरतो. आणि एडिटिंगच्या फाइलींबद्दल तर बोलायलाच नको. प्रोरेस ४२२ या एडिटिंगच्या कोडेकचा १०८०पी, ३० फ्रेमला १४७ एमबीपीएस असतो. तो एडिटिंग सुरळीत चालावं म्हणून, पाहण्यासाठी नव्हे.

१९. सीआरएफ १८ ठेवला तर नवी फाइल मूळपेक्षा मोठी झाली! काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. तुम्ही दर्जा मागितलात, आकार मागितला नाहीत. मूळ फाइल आधीच बरीच दाबलेली असेल तर तिच्यातले दाणे आणि ठोकळे हेदेखील एन्कोडरला "तपशील"च वाटतात आणि ते जपायला तो बिट ओततो. अशा वेळी एकतर सीआरएफ २४–२६ वर न्या, नाहीतर मूळ फाइल आहे तशी राहू द्या. मी दुसरं करतो.

२०. बिटरेट दुप्पट केला तरी आकाशात आणि अंधारात पट्टे दिसतातच.

कारण हा बिटरेटचा आजार नाही. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या मिळतात. मावळतीचं आकाश किंवा भिंतीवर विरत जाणारी सावली मोजक्या पायऱ्यांवर पसरली की त्या पायऱ्याच पट्टे बनून दिसतात. १० बिटमध्ये एन्कोड करा, तिथे १०२४ पायऱ्या असतात. मूळ व्हिडिओ ८ बिटचा असला तरी थोडा फायदा होतो, कारण एन्कोडरची आकडेमोड बारीक होते. एच.२६५ आणि एव्ही१ ची यंत्रं १० बिट सहसा चालवतात. १० बिटचं एच.२६४ मात्र बऱ्याच टीव्ही आणि फोनना पेलत नाही, तिथे अडकाल.

पट्ट्यांऐवजी अंधारात ठोकळे हलताना दिसत असतील तर तो खरोखर बिटांचा तुटवडा आहे. तिथे सीआरएफ दोन पायऱ्या खाली आणा.

२१. रात्रीचं, दाणेदार शूटिंग आहे. फाइल अवाढव्य होते. उपाय?

दाणे म्हणजे एन्कोडरचा काळ. प्रत्येक फ्रेममध्ये ते नव्या जागी पडतात, आधीच्या फ्रेमवरून त्यांचा अंदाज बांधताच येत नाही. दाणे कॅमेऱ्याच्या अंधारातल्या धडपडीचे असतील तर एन्कोड करण्याआधी हलका डिनॉइझ (दाणे पुसणारा फिल्टर) लावा. हलकाच, नाहीतर माणसं मेणाची दिसतात. फाइल पुष्कळ उतरते.

दाणे फिल्मचे, हेतुपुरस्सर असतील तर त्यांची किंमत मोजा: एक्स२६४ मध्ये "ग्रेन" हे ट्यूनिंग आहे, ते लावून बिटरेट मोकळा सोडा. एव्ही१ ने यावर गमतीदार तोडगा काढलाय. तिथे दाणे काढून टाकून फक्त त्यांचं वर्णन फाइलमध्ये लिहितात आणि पाहताना डीकोडर तसेच नवे दाणे पेरतो. ते मूळचे दाणे नसतात, पण पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही.

२२. स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी?

आश्चर्य वाटेल इतका कमी. स्लाइड आणि कोडची खिडकी सेकंदोन्सेकंद हलत नाही. सीआरएफ लावलात तर १०८०पी ची सरासरी कित्येकदा १ एमबीपीएसच्याही खाली येते. सीबीआर लावून ८ एमबीपीएस जाळू नका.

लाल किंवा निळी अक्षरं फेसाळलेली दिसतात ही तक्रार वेगळी आहे. ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी होते, त्यामुळे बारीक रंगीत अक्षरांच्या कडा फुटतात. त्यावर बिटरेट वाढवून उपयोग नाही. अक्षर मोठं करा, किंवा पाहणाऱ्याचं यंत्र चालवत असेल तर ४:४:४ निवडा.

२३. थेट प्रक्षेपणाला किती ठेवू?

आधी अपलोडचा वेग मोजा (डाउनलोडचा नव्हे) आणि त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आत राहा. वेग १० एमबीपीएस असेल तर ६ वर थांबा. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर ६००० केबीपीएस ही रूढ कमाल आहेच. सीबीआर ठेवा आणि की-फ्रेम दर दोन सेकंदांनी. खेळ वेगवान असेल आणि ६००० मध्ये १०८०पी, ६० फ्रेम फाटत असतील, तर ७२०पी, ६० फ्रेम करा (प्रश्न १३).

२४. आवाजाला किती द्यायचा?

स्टिरिओ एएसीला (आवाजाचा कोडेक) १२८ ते १९२ केबीपीएस पुरे, नुसतं बोलणं असेल तर ९६ सुद्धा. यूट्यूब स्टिरिओसाठी ३८४ सुचवतं, कारण तेही पुन्हा एन्कोड होणार असतं. व्हिडिओतून ६४ केबीपीएस वाचवायला आवाज मारू नका. चित्र थोडं मऊ पडलं तर लोक पाहतात, आवाज खरखरला की बंद करतात.

२५. जुन्या कॅमेऱ्याच्या टेपमधला व्हिडिओ आडव्या रेघांनी फाटलेला दिसतो, शिवाय बिटरेटही अफाट लागतो.

तो इंटरलेस्ड आहे. प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेघा एकाआड एक विणलेल्या असतात. तो साधा समजून एन्कोड केला की प्रत्येक हलत्या कडेची कंगव्यासारखी नक्षी होते आणि ती लिहिण्यात बिट वाया जातात. आधी डीइंटरलेस करा, जमल्यास ५० फील्डच्या ५० फ्रेम होतील असं, म्हणजे हालचाल मूळसारखी सुळसुळीत राहते. मग नेहमीप्रमाणे सीआरएफ.

२६. दोन फाइलींची तुलना डोळ्यांनी करू की व्हीमॅफच्या आकड्याने?

दहा-बारा सेटिंगमधून दोन निवडायला आकडा, त्या दोनांतून एक निवडायला डोळा. व्हीमॅफ हा चित्राचा दर्जा मोजणारा प्रोग्रॅम नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केला. ० ते १०० ची ही पट्टी जुन्या पीएसएनआर या मापापेक्षा माणसाच्या नजरेशी जास्त जुळते. पण पूर्ण व्हिडिओची सरासरी ९५ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन तासांतली चार सेकंदं ६० वर घसरली असतील तरी सरासरीला त्याचा गंधही नसतो, पाहणाऱ्याला मात्र तीच चार सेकंदं आठवतात. सगळ्यात कमी गुण कुठे पडले ते पाहा आणि तिथे जाऊन स्वतः बघा. एच.२६४ आणि एव्ही१ ची तुलना करतानाही हेच.

२७. संगणकावर नीट चालणारी फाइल टीव्हीला पेन ड्राइव्ह लावली की अडखळते किंवा दिसतच नाही.

अडखळत असेल तर लेव्हल (डीकोडरवर किती भार पडू शकतो ते सांगणारी पायरी) तपासा. एच.२६४ च्या हाय प्रोफाइलमध्ये लेव्हल ४.० ला कमाल २५ एमबीपीएस चालतात, ४.१ ला ६२.५. मोकळ्या सोडलेल्या सीआरएफची एखादी उसळी याच्या वर गेली तर टीव्हीचा डीकोडर तिथेच गुडघे टेकतो. एन्कोड करताना लेव्हल ४.१ सांगा आणि मॅक्सरेट २०–२५ एमबीपीएस बांधून घ्या (प्रश्न ९). अडखळण्याचं दुसरं कारण म्हणजे १० बिटचं एच.२६४ (प्रश्न २०).

दिसतच नसेल तर पेन ड्राइव्हची मांडणी बघा. एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर पूर्ण उतरतच नाही. पेन ड्राइव्ह एक्सफॅट करा. टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नसेल, तर प्रश्न ६ मधला ४००० एमबीचा हिशोब त्याचसाठी आहे.